शिराझमधला २१ वर्षांचा मुलगा

१९५८ सालची गोष्ट. इराणमधल्या शिराझ शहरात सादी रुग्णालयाच्या एका वॉर्डात डॉक्टरांपुढे एक रुग्ण आणला गेला. कागदावर त्याचं वय होतं २१. समोर दिसत होता तो दहा वर्षांचा पोरगा. मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही, वयात आल्याची एकही खूण अंगावर नाही. कातडी खरखरीत आणि कोरडी, पांथरी आणि यकृत सुजून पोट पुढे आलेलं, चेहऱ्यावर सुस्ती आणि रक्त इतकं कमी की डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या. खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा कळलं, की तो जवळजवळ फक्त गव्हाच्या रोटीवर जगत होता. मांस, अंडी, दूध त्याच्या ताटात येतच नव्हतं. आणि रोज सुमारे अर्धा किलो माती खात होता.

हा रुग्ण दाखवणारे डॉक्टर जेम्स हालस्टेड फुलब्राइट योजनेतून अमेरिकेहून आलेले प्राध्यापक होते. ज्याचं मत त्यांनी विचारलं तो तिशीतला डॉक्टर भारतीय होता. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. पाटण्याला एमबीबीएस, मग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सेसिल वॉटसन यांच्या हाताखाली पीएचडी. शिराझच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचा पाया घालायचा म्हणून होबार्ट रायमन या नामवंत अमेरिकन वैद्याने त्यांना बोलावून घेतलं होतं. येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच हे कोडं पुढ्यात आलं.

त्या रुग्णाला रक्तक्षय आहे आणि तो लोहाच्या अभावाचा आहे, हे निदान सोपं होतं. पण प्रौढ पुरुषाला लोह कमी पडतं ते सहसा शरीरातून रक्त जात असेल तर. इथे कुठूनही रक्त जात नव्हतं, पोटात अंकुशकृमीही सापडले नाहीत. मग लोह गेलं कुठे? त्याचं उत्तर रोटीत आणि मातीत असावं, असा अंदाज बांधता येत होता, कारण दोन्ही गोष्टी आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. तरी मुख्य प्रश्न उरतच होता. लोहाच्या अभावाने माणूस फिकट पडतो, थकतो, धापा टाकतो. लोहाच्या अभावाने माणूस दहा वर्षांच्या मुलाएवढा राहत नाही. प्राण्यांवरच्या कुठल्याही प्रयोगात नुसतं लोह काढून घेतल्याने वाढ अशी खुंटलेली किंवा वृषणं अशी आक्रसलेली दिसली नव्हती.

पिट्युटरी ग्रंथीचा काही बिघाड असेल, किंवा घराण्यात चालत आलेला दोष असेल, असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. पण थोड्याच काळात तसेच आणखी दहा रुग्ण आले. सगळे आसपासच्या खेड्यांमधले, सगळे रोटीवर वाढलेले, सगळे माती खाणारे. चौकशी केली तेव्हा खेड्यापाड्यांत अशी माणसं सर्रास असल्याचं कळलं. दुर्मीळ ग्रंथिविकार एकाच शहराच्या परिसरात इतक्यांना होत नाही. काहीतरी त्या मातीत, त्या पिठात, त्या जगण्यात होतं.

इथे प्रसादांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा तक्ता पुढे घेतला. लोह ज्या आडव्या ओळीत बसतं, तिच्यातल्या आजूबाजूच्या धातूंचं रासायनिक वागणं बरंचसं मिळतंजुळतं असतं. मातीने आणि रोटीने लोह अडवलं असेल, तर त्याच ओळीतला आणखी एखादा धातूही अडकला नसेल कशावरून? तक्त्यात लोहापासून चार घरं उजवीकडे सरकलं की जस्त येतं.

जस्ताबद्दल तोवर जे माहीत होतं ते डॉक्टरांपेक्षा शेतकऱ्यांच्या आणि पशुवैद्यांच्या कामाचं होतं. लुई पाश्चर यांचे शिष्य जुल रोलँ यांनी १८६९ साली दाखवलं होतं की जस्त नसेल तर एक काळी बुरशीसुद्धा नीट वाढत नाही. १९२६ मध्ये वनस्पतींसाठी ते आवश्यक ठरलं, १९३० च्या दशकात उंदरांसाठी. मग १९५५ साली टकर आणि सॅमन या अमेरिकन संशोधकांनी डुकरांच्या एका कातडीच्या रोगाचं मूळ शोधलं. पिलांची वाढ खुंटायची, अंगावर जाड खपल्या यायच्या. चाऱ्यात थोडं जस्त घातलं की रोग नाहीसा व्हायचा. कोंबडीच्या पिलांवर तसंच काम मिसुरीत चाललं होतं. वाढ खुंटणं, वृषणं लहान राहणं, कातडी जाड होणं ही सगळी लक्षणं जनावरांमध्ये जस्ताच्या अभावाची म्हणून नोंदली गेली होती आणि सादी रुग्णालयातल्या खाटेवर तीच एका माणसाच्या अंगावर दिसत होती.

पण माणसाला जस्त कमी पडेल ही कल्पनाच त्या काळात कुणाला पटण्यासारखी नव्हती. जस्त सगळीकडे आहे, धान्यात आहे, पाण्यात आहे, घरावरच्या पत्र्यात आणि विहिरीवरच्या बादलीत आहे. आपल्याकडे तर राजस्थानातल्या जावरच्या खाणींत शेकडो वर्षांपूर्वी जस्त गाळलं जायचं आणि यशद भस्म आयुर्वेदात जुनं आहे. अशा वस्तूचा तुटवडा पडतो म्हणणं धाडसाचंच होतं. १९६१ साली प्रसाद, हालस्टेड आणि नादिमी यांनी ११ रुग्णांची हकीकत अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापली, तेव्हा जस्ताची शक्यता त्यांनी चर्चेच्या भागात जपून मांडली. पुरावा त्यांच्याकडे नव्हता. शिराझमध्ये रक्तातलं जस्त मोजण्याची सोयच नव्हती. रुग्णांना चांगलं जेवण आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याने ते सुधारले, काहींच्या अंगावर तारुण्याच्या खुणा उमटू लागल्या. पण जेवणातल्या नेमक्या कशाने हे झालं, ते सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी प्रसाद इराण सोडून अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तिथले विल्यम डार्बी हे पोषणशास्त्रातलं मोठं नाव. प्रसादांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि माणसातल्या जस्ताच्या अभावाचा माग काढायची इच्छा बोलून दाखवली. डार्बींनी ती उचलून धरली आणि त्यांना थेट कैरोला पाठवलं. अमेरिकन नौदलाची तिसऱ्या क्रमांकाची वैद्यकीय संशोधन शाखा तिथे होती, व्हँडरबिल्टचे संशोधक तिथे काम करत होते आणि उपकरणंही होती.

कैरोच्या आसपासच्या खेड्यांमध्ये तसेच बुटके, कोवळ्या चेहऱ्याचे तरुण सापडले. त्यांच्यात आणि शिराझच्या रुग्णांत एक मोठा फरक होता. इजिप्तमधले हे तरुण माती खात नव्हते. त्यांच्या पोटात अंकुशकृमी आणि शिस्टोसोमाचे कृमी होते, त्यामुळे रक्त झिरपत राहायचं, आणि रक्ताबरोबर लोहही जायचं आणि जस्तही. जेवण मात्र इथेही रोटी आणि कडधान्यं हेच. वर उन्हातलं कष्टाचं काम. घामावाटेही जस्त जातं, हे प्रसादांच्या गटाने मोजून दाखवलं. माती हे कारण असेल असं धरून बसले असते तर इथे सगळा तर्क कोसळला असता. उलट माती वजा झाल्यावर दोन्ही देशांत समान काय आहे, ते अधिक स्पष्ट दिसू लागलं.

हॅरल्ड सँडस्टेड, आर्थर शुलर्ट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर प्रसादांनी या तरुणांच्या रक्तद्रवातलं, तांबड्या पेशींमधलं आणि केसांमधलं जस्त मोजलं. तिन्ही ठिकाणी ते कमी होतं. मग जस्त-६५ हा किरणोत्सारी समस्थानिक शिरेतून देऊन त्याचा शरीरातला प्रवास तपासला. ज्याच्या अंगात जस्त पुरेसं आहे, त्याचं शरीर आलेलं जस्त सहज सोडतं. या तरुणांचं शरीर मिळालेला कण न् कण ओढून घेत होतं. रक्तातून ते झपाट्याने नाहीसं व्हायचं आणि मलमूत्रावाटे अगदी थोडं बाहेर पडायचं. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाला जस्ताची उणीव होते, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

पुढची कसोटी उपचाराची. रुग्णालयातल्या तरुणांपैकी काहींना मांसासह चांगलं जेवण, काहींना त्याबरोबर लोह आणि काहींना जस्त. जस्त मिळालेल्यांची उंची इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढली. कित्येकांनी एका वर्षात पाच-सहा इंचांची उडी मारली. सात ते बारा आठवड्यांत अंगावर केस उगवू लागले आणि तीन ते सहा महिन्यांत तारुण्याच्या बाकीच्या खुणा आल्या. वर्षानुवर्षं मुलगेच राहिलेले ते तरुण पुरुष झाले. वैद्यकाच्या इतिहासात इतकं सरळ, डोळ्यांनी दिसणारं यश फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ते तरुण घरी परतल्यावर गावाने काय म्हटलं असेल, याचा विचार हे अहवाल वाचताना माझ्या मनातून जात नाही. अहवालांत फक्त सेंटिमीटर आहेत.

तरीही शंका घेणारे होते, आणि त्यांच्या शंकेला आधार होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधल्या गावांतल्या शाळकरी वयाच्या मुलांवर एक रीतसर चाचणी झाली. काहींना जस्त, काहींना लोह, काहींना औषध नसलेली गोळी. १९६९ साली निकाल आला: जस्ताने वाढीत काही फरक पडला नाही. त्याच वर्षी शिराझजवळच्या शाळकरी मुलांवरच्या पहिल्या लहान प्रयोगाचा अहवालही छापून आला. त्यानेही वाद मिटला नाही. ज्यांना ही सगळी कल्पनाच अतिशयोक्त वाटत होती, त्यांच्या हाती आयतं शस्त्र आलं.

आज मागे वळून पाहताना त्या अपयशाचा अर्थ लागतो. रुग्णालयात दाखल झालेला तरुण खेड्यातल्या रोटीपासून दूर आलेला असे; त्याला प्रथिनं, ऊर्जा, जंतांवरचं औषध हे सगळं मिळत असे. शाळेत गोळी घेऊन घरी गेलेल्या मुलाच्या ताटात मात्र तीच रोटी आणि तीच कडधान्यं. गोळीतलं जस्त त्याच जेवणाबरोबर आतड्यात पोचलं की त्यातला बराचसा भाग तिथेच अडायचा. शिवाय ज्या मुलाला जस्ताबरोबर आणखी चार गोष्टी कमी पडत आहेत, त्याला एकट्या जस्ताने उंची येणार तरी कशी?

हा गुंता सोडवायला संशोधक पुन्हा शिराझला गेले. हालस्टेड, होसेन रोनाघी आणि सहकाऱ्यांनी निवडलेली माणसं अशी होती की त्यांच्याइतकं बोलकं उदाहरण सापडणं कठीण. इराणच्या सैन्यात भरतीला आलेले आणि कुपोषित म्हणून नाकारले गेलेले १५ तरुण, वय १९-२०. त्यांच्याबरोबर त्याच वयाच्या दोन मुली. तोवर या आजाराच्या चर्चेत मुलींचा पत्ता नव्हता. इराणात आणि इजिप्तमध्ये रुग्णालयापर्यंत आणले जात होते ते मुलगे. सगळ्यांना मांसाहारासह भरपूर जेवण दिलं गेलं. एका गटाला औषध नसलेली गोळी, दुसऱ्याला रोज २७ मिलिग्रॅम जस्त, आणि तिसऱ्याला पहिले सहा महिने नुसतं जेवण आणि पुढचे सहा महिने जेवणासोबत जस्त.

१९७२ साली निकाल छापला गेला. नुसत्या चांगल्या जेवणानेही प्रगती झाली, पण सावकाश. जस्त घेणाऱ्यांची उंची लक्षणीय जास्त वाढली आणि त्यांना तारुण्य लवकर आलं. दोन्ही मुलींना पाळी आली. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात, जेव्हा उंचीचा विषय संपला असं घरचे आणि सैन्याचे डॉक्टर धरून चालले होते, तेव्हा ही शरीरं वाढायला तयार होती. त्यांची वाढ मेली नव्हती. ती वाट पाहत थांबली होती.

शिराझमध्येच जॉन राइनहोल्ड या रसायनशास्त्रज्ञाने रोटीचा प्रश्न हाती घेतला. इराणी शहरांतल्या भट्टीत मिळणाऱ्या संगक आणि बाजारी रोट्यांचं पीठ आंबवलेलं असे. खेड्यातली तनोक नावाची पातळ रोटी न चाळलेल्या अख्ख्या पिठाची आणि बिनआंबवलेली. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. बियाणं आपला फॉस्फरस त्याच रूपात साठवून ठेवतं. फायटेट जस्ताला आणि लोहाला असं घट्ट धरतं की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. पीठ आंबलं की यीस्ट आणि पिठातली स्वतःची विकरं फायटेट तोडतात. राइनहोल्ड यांनी मोजलं तेव्हा तनोकमध्ये फायटेट शहरी रोट्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. गव्हात जस्त कमी नव्हतं. खेड्यातली मुलं रोज जस्त खात होती आणि रोज ते तसंच बाहेर टाकत होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे थांबावंच लागतं. आपली पोळीही अख्ख्या गव्हाची आणि बिनआंबवलेली. ज्वारी-बाजरीची भाकरीही न आंबवता थापलेली. पोळी-भाकरी वाईट असा याचा अर्थ नाही. पण तिच्याबरोबर काय येतं यावर सगळं अवलंबून राहतं. मोड आलेली मटकी, आंबोळी, इडली यांच्यामागे शेकडो वर्षांची घरगुती हुशारी आहे: भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं या तिन्हींनी फायटेट कमी होतं. मटण आणि अंड्यातलं जस्त शरीर सहज घेतं. कोकणातली कालवं तर जस्ताच्या बाबतीत जगातल्या कुठल्याही अन्नाच्या पुढे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भारतीय जेवणातलं जस्त किती शोषलं जातं, यावर अनेक वर्षं काम झालं आहे. शाळकरी मुलींना जस्ताने समृद्ध खाऊ देऊन त्यांच्या रक्तातलं जस्त वाढतं का, हेही पुण्यात तपासलं गेलं, आणि ते वाढलं.

जस्त कमी पडलं की वाढच का थांबते, याचं उत्तर शरीराच्या हिशेबात आहे. लोह किंवा अ जीवनसत्त्व कमी पडलं तर शरीर आधी साठा वापरतं, तो संपला की ठरावीक खुणा दिसू लागतात: फिकटपणा, रातांधळेपणा. जस्ताचा साठा शरीरात जवळजवळ नसतोच. सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम, आणि तेही स्नायूंत, हाडांत, प्रत्येक पेशीत कामाला लागलेलं. नवी पेशी तयार व्हायची तर तिला जस्त हवंच, कारण डीएनएची नक्कल करण्यापासून प्रथिनं बांधण्यापर्यंत शेकडो विकरं त्याच्यावर चालतात. १९८५ साली केंब्रिजमध्ये ॲरन क्लुग यांच्या गटाला जनुकांना हात घालणाऱ्या प्रथिनांची जस्ताने बांधलेली बोटं सापडली, तेव्हा हे किती खोलवर जातं ते कळलं. आवक घटली की शरीर नव्या पेशी बनवणं कमी करतं आणि असलेलं जस्त जपतं. मूल वाढत नाही, एवढंच दिसतं. रक्तातली पातळी बरेचदा फारशी ढळत नाही, अंगावर खूण उमटत नाही. भूक मंदावते, जिभेची चव बोथट होते. घरचे म्हणतात, आमच्याकडे सगळेच बुटके.

हीच गोष्ट अमेरिकेत वेगळ्या रूपात पुढे आली. १९७२ साली डेन्व्हर शहरात मायकेल हॅम्बिज यांनी खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांच्या केसांतलं जस्त मोजलं. ज्यांच्या केसांत ते फार कमी निघालं, त्यांतली बहुतेक मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती, नीट जेवत नव्हती आणि चव ओळखण्याच्या चाचणीत मागे पडत होती. थोडं जस्त दिल्यावर चव परत आली. उणीव फक्त इराणच्या खेड्यात नसते, हे यातून पहिल्यांदा ठसलं. लगेच पुढे लंडनमध्ये एडमंड मॉयनाहन यांनी आणखी एक धागा जोडला. आईचं दूध सुटताच अंगावर चट्टे, जुलाब आणि मृत्यू, असा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार १९४० च्या दशकापासून वैद्यांना माहीत होता. त्या मुलांना जस्त देताच ती बरी होऊ लागली. आतड्यातून जस्त आत घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात बिघडलेलं असतं, हे २००२ मध्ये समजलं. १९७४ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने माणसाच्या रोजच्या आवश्यक पोषक घटकांच्या यादीत पहिल्यांदा जस्ताची भर घातली. सादी रुग्णालयातल्या त्या मुलाला पाहून तोवर १६ वर्षं झाली होती. प्रसाद तेव्हा डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात होते आणि पुढची कित्येक दशकं तिथेच या एका धातूचा पाठपुरावा करत राहिले. २०२२ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

१९७४ नंतरच्या दोन दशकांत संशोधनाचं लक्ष लहान बाळांकडे वळलं. ते बरोबरही होतं, कारण तिथे प्रश्न जिवाचा होता. १९९५ साली सुनील साझावाल, महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत जुलाब झालेल्या बालकांना जस्त देऊन पाहिलं. जुलाब लवकर थांबले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने जुलाबात क्षारसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅम, अशी संयुक्त शिफारस केली. आज आपल्या अंगणवाडी आणि आशा कार्यकर्तीच्या पेटीतली जस्ताची गोळी याच धाग्याने आलेली आहे.

शाळकरी मुलाच्या उंचीचा प्रश्न मात्र तितका सरळ सुटला नाही, आणि याबद्दल जाहिराती जे सांगतात त्यापेक्षा खरं वेगळं आहे. २००२ साली केनेथ ब्राउन यांनी ३३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या: जस्ताने उंची वाढते, पण ज्या मुलांची वाढ आधीच मागे पडलेली आहे त्यांच्यात जास्त. २०१४ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात सहा महिने ते बारा वर्षं वयाच्या मुलांवरच्या ८० चाचण्या होत्या, मुलं दोन लाखांहून जास्त. जुलाब कमी झाले, उंचीवरचा परिणाम होता पण अगदी थोडा, आणि गोळ्यांनी उलटी होण्याचं प्रमाण वाढलं. शरीरातलं तांबंही किंचित घटलं. जास्त जस्त बराच काळ घेतलं तर तांब्याची उणीव होते, ही गोष्ट खुद्द प्रसादांनाच १९७० च्या दशकात एका रुग्णात दिसली होती. म्हणून दुकानातून बाटली आणून धडधाकट मुलाला उंचीसाठी वर्षभर जस्त पाजण्याला कोणताही आधार नाही. पोराची उंची वाढत नाही या काळजीने आईवडील काय काय विकत घेतात, ते पाहिलं की हे स्पष्ट म्हणायलाच हवं.

पण लाखो मुलांची सरासरी काढली, की शिराझच्या तरुणासारखं मूल तिच्यात दिसेनासं होतं. शंभरातल्या दहा मुलांना जस्त खरोखर कमी असेल आणि फक्त त्यांचीच उंची वाढली, तर शंभरांच्या सरासरीत ती वाढ मिलिमीटरांत विरघळते. सँडस्टेड यांनी १९९० च्या दशकात चीनमध्ये छोंगछिंग, छिंगदाओ आणि शांघाय इथल्या गरीब घरांतल्या पहिलीतल्या मुलांवर दहा आठवड्यांची चाचणी केली. काहींना नुसतं जस्त, काहींना इतर सूक्ष्म पोषकं, काहींना दोन्ही. गुडघ्यापर्यंतच्या पायाची लांबी सर्वांत जास्त वाढली ती दोन्ही मिळालेल्यांची. १९६९ च्या गावातल्या शाळांमध्ये जे हाती लागलं नव्हतं, त्याचा खुलासा निदान काही अंशी इथे मिळतो: जस्त काम करतं, पण साथीला बाकीचंही लागतं.

भारतात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मुलांच्या रक्तातलं जस्त देशभर मोजलं गेलं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये १७ टक्क्यांना उणीव होती. दहा ते एकोणीस या वयात ती ३२ टक्के निघाली, म्हणजे उंचीची शेवटची मोठी झेप घ्यायच्या वयातल्या जवळजवळ तीनांतल्या एकाला. २०१३ पासून शाळांमध्ये दर आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची आहे. जस्त तिच्यात नाही. ते घालावं असं मी म्हणत नाही, कारण जास्त लोह आणि जस्त एकत्र दिले की दोघांची आतड्यात चढाओढ होते. शालेय पोषण आहारात अंडं आणि मोड आलेली कडधान्यं किती दिवस पडतात, हा मात्र या ३२ टक्क्यांशी थेट जोडलेला प्रश्न आहे. अंड्यावरून वाद होतात, निधी येतो आणि थांबतो. त्या वादांत मुलांच्या उंचीचा आकडा कुणी पुढे ठेवत नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीत वजनउंची लिहिली जाते. तीच नोंद सहा महिन्यांनी शेजारी ठेवून, कोणाची उंची जागच्या जागी राहिली आहे ते शोधणं, आणि त्या मुलाच्या घरच्या ताटाची चौकशी करणं, हे काम शिक्षक, आशाताई आणि गावचे डॉक्टर आजच्या साधनांतही करू शकतात.